टीएसएच वाढलाय, पण थकवा कशाचा?

प्रश्न : मी ३९ वर्षांची, गुहागर तालुक्यात राहते, काजूच्या कारखान्यात कामाला जाते. गणपतीच्या तोंडावर आठवडाभर तापाने झोपून होते. तेव्हापासून अंगात त्राण नाही, केस मुठीने गळतात, पाळीत अंगावरून खूप जातं. ताप उतरल्यावर लगेच रक्त तपासलं. टीएसएच ६.८, फ्री टी४ १.२, हिमोग्लोबिन ९.१. शेजारच्या वहिनी म्हणतात, आता जन्मभर गोळी आणि कोबी बंद. सासूबाई म्हणतात, मासे खाणाऱ्याला थायरॉइड होत नाही, नुसतं खडे मीठ खा. केसांसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्याही घेते. काय करू?

उत्तर : ताई, जन्मभराची गोळी एका रिपोर्टवर ठरवायची नसते, त्यातून तुमचं रक्त तापातून उठता उठता काढलेलं. टीएसएच हे संप्रेरक तयार करते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी पडू लागली की पिट्युटरी तिला मोठमोठ्याने हाका मारते, म्हणजेच टीएसएच वाढतो. पण मोठ्या आजारातून बरं होतानाही तो काही आठवडे वर जातो आणि आपोआप उतरतो. तुमचा फ्री टी४, म्हणजे थायरॉइड स्वतः तयार करते ते संप्रेरक, ठीक आहे. थायरॉइड अजून पुरेसं काम करतेय.

दोन महिन्यांनी टीएसएच, फ्री टी४ पुन्हा करा, सोबत अँटी-टीपीओ, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटली आहे का हे दाखवणारी तपासणी. टीएसएच १०च्या वर टिकून राहिला तर बहुधा गोळी लागते. त्याखाली असेल तर वय, त्रास आणि अँटी-टीपीओ बघून ठरवता येतं. मात्र दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर दोन महिने थांबू नका, लगेच डॉक्टरांना भेटा. केसांच्या गोळ्यांत बहुतेक वेळा बायोटिन हे जीवनसत्त्व असतं. काही यंत्रांवर त्याने टीएसएच खोटा कमी दिसतो. तपासणीआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवा.

मला खुपला तो हिमोग्लोबिनचा ९.१ हा आकडा. त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढलेला दिसत नाही. बायकांच्या अंगावरून किती जातं हे कोणी विचारत नाही, आणि त्या स्वतःही सांगत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्याकडे थकवा सांगत कोणी आली की फाईल उघडण्याआधी मी तिची खालची पापणी ओढून बघते. ती फिकट, पांढुरकी असली की अर्धं उत्तर तिथेच मिळतं. दम लागणं, केस गळणं, पायऱ्या चढताना धडधडणं, हे सगळं रक्त कमी असल्यानेही होतं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांकडून सुरू करून घ्या आणि रक्तस्राव का होतो यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून सोनोग्राफी करा. थायरॉइड कमी असली तरी पाळी जास्त जाते, म्हणून दोन्हींचा पाठपुरावा हवा.

शिजवलेला कोबी खुशाल खा. मासे जरूर खा, पण आपल्याकडे थायरॉइड मंदावते ती बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटल्याने, आणि ते मासे खाऊन टळत नाही. मिठागरातून थेट आलेल्या खडे मिठात आयोडीन अगदी थोडं असतं. जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, देवगडला असते. थायरॉइडची ७५ची गोळी सकाळच्या पेजेबरोबर घेते, त्यासोबतच कॅल्शियमची. बाटली चुलीजवळच्या फळीवर असते. ऑगस्टमध्ये टीएसएच वाढला म्हणून डोस १०० केला. योग्य आहे ना?

उत्तर : डोस वाढवणाऱ्या डॉक्टरांना पेज, कॅल्शियम आणि चुलीजवळची फळी, या तिन्ही गोष्टी माहीत होत्या का? ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. पेज किंवा चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोह चार तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी पोटातच अडकते, रक्तात नीट पोचत नाही. उष्णतेने आणि दमटपणाने गोळीचा जोरही उतरतो, आणि आपल्या पावसाळ्यात तर मीठसुद्धा पाझरतं. झाकण घट्ट लावून बाटली आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा.

हे सगळं सुधारलं की कदाचित ७५च पुरेल आणि १०० जास्त होईल. या वयात जादा डोसने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगा, डोस त्यांनाच ठरवू द्या, आणि नंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. मधेच धडधड वाढली, हात थरथरले किंवा वजन उतरू लागलं तर तेवढंही थांबू नका.