मेमरी भरपूर शिल्लक, तरी 'टू मेनी ओपन फाइल्स'?
दर मिनिटाला फोल्डर तपासणारा तुमचा जावा प्रोग्राम काही तासांनी 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणत मान टाकतो, आणि हीप, म्हणजे ऑब्जेक्ट्स ठेवायची मेमरी, तर अर्धीही भरलेली नसते. नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर असताना हे का, असं तुम्ही विचारलंय. तो हीप बघून कामाला लागतो. फाइल्स किती उघड्या आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. युलिमिट, म्हणजे एका प्रोग्रामला किती फाइल्स उघडता येतील याची मर्यादा, वाढवून प्रोग्राम फक्त उशिरा पडेल.

तुमच्या कोडमध्ये मला संशय फोल्डरमधल्या फाइल्सची यादी देणाऱ्या फाइल्स डॉट लिस्टचा आहे. त्यातून मिळणारी स्ट्रीम साध्या लिस्टच्या स्ट्रीमसारखीच दिसते, पण तिच्यामागे उघडी डिरेक्टरी असते. शेवटी कलेक्ट केलं म्हणून ती बंद होत नाही. फाइल्स डॉट वॉक आणि फाइल्स डॉट लाइन्सचंही तेच. खात्री करायची तर प्रोग्राम चालू असताना एलएसओएफला, म्हणजे उघड्या फाइल्सची यादी देणाऱ्या कमांडला, त्याचा प्रोसेस आयडी द्या; तीच डिरेक्टरी ओळीनं पुन्हा पुन्हा दिसली की चोर सापडला.

उपाय ट्राय-विथ-रिसोर्सेस, जावा 7 पासून आहे. स्ट्रीम ट्रायच्या कंसात उघडा. ब्लॉक कसाही संपो, क्लोज होतंच. एकाहून जास्त असतील तर उलट्या क्रमानं. मात्र एका न्यूच्या पोटात दुसरा न्यू लिहू नका: बाहेरचा कन्स्ट्रक्टर फसला तर आतला उघडाच राहतो. दोघांना वेगळी व्हेरिएबल्स द्या.

'फायनलीत, म्हणजे ट्रायनंतर हमखास चालणाऱ्या ब्लॉकमध्ये, क्लोज केलं तर काय बिघडलं?' बिघडतं ते असं: वाचताना एक एक्सेप्शन आलं आणि फायनलीतल्या क्लोजनंही दुसरं फेकलं, की पहिलं गायब. लॉगमध्ये दिसतं ते क्लोजचं रडगाणं, खरं कारण नाही. ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये मूळ एक्सेप्शन वर राहतं आणि क्लोजचं त्याच स्टॅक ट्रेसमध्ये खाली 'सप्रेस्ड' म्हणून छापलं जातं. मला तरी हा फायदा कमी ओळींपेक्षा मोठा वाटतो.

फायनलाइझच्या, म्हणजे ऑब्जेक्ट टाकून देण्याआधी गार्बेज कलेक्टर बोलावतो त्या मेथडच्या, नादी लागू नका. जावा 9 मध्ये ते डेप्रिकेट झालं (वापरू नका असं जाहीर झालं), 18 मध्ये काढून टाकण्याच्या यादीत गेलं.

आणि दिसेल ते बंद करत सुटू नका. ज्यानं उघडलं त्यानं मिटावं. पॅरामीटरमधून आलेली स्ट्रीम सहसा बोलावणाऱ्याची असते. सिस्टिम डॉट इनवरचा (कीबोर्डवरून येणारं वाचणारा) स्कॅनर बंद केलात तर सिस्टिम डॉट इनही मिटतं, आणि पुढचा स्कॅनर नो-सच-एलिमेंट एक्सेप्शन फेकतो.