वडील रेडिएशन मध्येच सोडतो म्हणतात, डॉक्टर बदलू का?

तुम्ही लिहिलंय की मिरजेत वडिलांचा तोंडाच्या कॅन्सरचा शेक, म्हणजे रेडिएशन, चालू आहे, डॉक्टर त्यांच्याशी धड बोलत नाहीत आणि आता ते 'जायचं नाही' म्हणून अडून बसलेत.

शेक चालू असताना शक्यतो बदलू नका. डोकं हलू नये म्हणून घालायचा मास्क, सीटी, शेक कुठं-किती द्यायचा तो प्लॅन, सगळं त्या मशीनवर बेतलेलं असतं. दुसरीकडे गेलात की ही तयारी पुन्हा पहिल्यापासून, आणि मधल्या खंडात कॅन्सरच्या उरलेल्या पेशी वाढायला लागतात.

पण पेशंट हट्टी असतो म्हणून सोडतो, हे मला मान्य नाही. मी रेडिएशन विभागात काम करते, हे भांडण रोजचंच. जतकडचे एक शेतकरी 30 पैकी 14 शेक घेऊन यायचे थांबले. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं होतं. भाकरी सोडाच, ताकही झोंबायचं. त्यांना वाटलं आजार पसरला. तोंड येणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मुलाला, तेही केबिनबाहेर. मुलानं 'दादांना कशाला घाबरवा' म्हणून गिळून टाकलं. फोन केला तर मुलगा एसटीची, शेताची कारणं सांगत राहिला. मागून दादांचा आवाज आला, "मला कुणी सांगितलंच न्हाई की!" मग डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवलं, हातात आरसा दिला, बॅटरी मारून दाखवलं: हा पांढरा थर शेकामुळं आलाय, गाठ नव्हे, शेक संपला की काही आठवड्यांत भरेल. दोन मिनिटं लागली. उरलेले शेक त्यांनी पुरे केले.

म्हणून आठवड्याच्या तपासणीला वडिलांना पुढच्या खुर्चीत बसवा, तुम्ही मागं उभे राहा. वजन दर आठवड्याला लिहून घ्या. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी गुळण्या. दुखणं थांबवणारं औषध जेवणाआधी अर्धा तास, नंतर नव्हे. नाचणीची पेज, मऊ अंडं चालेल, ठेचा बंद. नाकातून नळी घालू म्हणाले तर घाबरू नका, ती जेवणासाठी असते, शेवटची घटका नव्हे. ओपीडीला गर्दी असते हे खरं, पण डॉक्टरांचं 'समजवायला वेळ नाही' हे कारण मला पटत नाही.

डॉक्टर खरंच खेकसत असतील तर फाइल घेऊन दुसरा सल्ला जरूर घ्या, शेक चालू ठेवूनच. आणि हो, सोबत सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) चालू असेल आणि पाणीही उतरत नसेल तर किडनीला धोका असतो. ते किंवा 100.4 च्या वर ताप, काहीही झालं तरी त्याच दिवशी दाखवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.