कन्नड भाषा किती जुनी आहे आणि तिची ओळख कुठून करून घ्यावी?

कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातला हल्मिडी शिलालेख साधारण इ.स. 450 चा मानतात, म्हणजे लिखित कन्नड सुमारे दीड हजार वर्षं जुनी आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारात रचलेला ‘कविराजमार्ग’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. आपली गोदावरी! आपले ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ही तिकडचेच.

पण सुरुवात बाराव्या शतकातल्या वचनांपासून, म्हणजे संतांच्या छोट्या मुक्त रचनांपासून करा. बसवण्णा, अक्कमहादेवी, अल्लमप्रभू यांनी संस्कृत वृत्तं बाजूला ठेवून रोजच्या बोलीत देवाशी संवाद केला, जातिभेदावर थेट बोट ठेवलं. ज्ञानेश्वर-तुकारामांवर वाढलेल्या मराठी माणसाला ही वचनं लगेच भिडतात. अक्कमहादेवी तर आधी वाचाच. 2008 मध्ये कन्नडला अभिजात दर्जा मिळाला.