परदेशी फोटोग्राफर मित्रांना भारत दाखवायचाय, ताजमहाल सोडून कुठे आणि कधी बोलवू?

सोमवती अमावस्येला जेजुरीला बोलवा. मी पुण्याहून असे पाहुणे फिरवत असतो. ताज आणि वाघ त्यांनी येण्याआधीच शंभर वेळा पाहिलेले असतात, पण भंडाऱ्याने पिवळा झालेला गड बघितला की बोलणंच बंद होतं. खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हा हळदीचा असा धुरळा उडतो की समोरचा माणूस दिसत नाही. पायऱ्यांच्या कडेला, थोडं उंचावर उभं राहायचं. कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि गडावर लेन्स बदलायची नाही. हळद आत गेली की सेन्सर साफ करायला पैसे मोजावे लागतात. तारीख मात्र पंचांगात बघून मगच त्यांना तिकीट काढायला सांगा.

जोडून करता येईल असं:
- भिगवण, डिसेंबर ते फेब्रुवारी: उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी. सूर्य उगवायच्या आत नावेत बसायचं, आणि पक्षी मुद्दाम उडवायला नावाड्याला सांगायचं नाही.
- कास पठार, सप्टेंबर: शनिवार-रविवार टाळून.

एक अडचण आहे, ड्रोन. फेब्रुवारी 2022 पासून परदेशातून ड्रोन आणायला बंदी आहे, तेव्हा तो घरीच ठेवायला सांगा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडलाही आधी परवानगी लागते.