हात बसल्यानंतर

चित्रकारा,

तुझ्या कॉमिकची बारा पानं परवा मिळाली. आधी रागावून घेतो. सहाव्या पानावरच्या तुझ्या नायकाला कंबर आहे की फनेलची नळी? दात आवळलेले, गालावर रेघांचं जाळं, आणि पाय मात्र धुरात गडप. पाय काढायचे टाळलेस, हे लगेच कळलं. कारण मीही चोरच होतो. शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचो तेव्हा माझी सगळी मुलं गुडघाभर गवतात उभी असायची.

तुझे प्रश्न दोन: मुंबई गाठू का, आणि सध्या खपतं तसं काढू का?

अमेरिकन कॉमिक्स काढणाऱ्या माईक देओदातोचं काम तू पाहिलं असशीलच. हा माणूस मुळात 'माईक' नाहीच. देओदातो ताउमातुर्गो बोर्जेस फिल्यो हे त्याचं नाव. 'माईक' चिकटवलं ते अमेरिकन बाजारासाठी. जन्म 1963 चा, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या पराईबा राज्यातल्या कँपिना ग्रांदे गावचा. वडील देओदातो बोर्जेस रेडिओवाले. त्यांनी रेडिओसाठी 'फ्लामा' नावाचा नायक घडवला आणि त्याच 1963 साली त्याचं कॉमिकही काढलं. म्हणजे घरातच शाळा. पुढे मुलाने मार्व्हल आणि डीसी या अमेरिकन कॉमिक कंपन्यांची पानं काढली ती त्याच राज्यातल्या जोआओ पेसोआत राहून. साओ पाउलोही तिथून दूर, न्यूयॉर्कचं तर सोडूनच दे. तेव्हा मुंबईचं भाडं वाचव आणि चांगला दिवा घे.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र थांबावं लागेल.

1994 साली त्याला डीसीची 'वंडर वूमन' मिळाली. तेव्हा बाजारात लांब पाय, चिमूटभर कंबर आणि रेघारेघांचे स्नायू यांची चलती होती. त्याने तेच काढलं, झकास काढलं, आणि नाव झालं. नाव झालं की कामं येतात. मासिक कॉमिक म्हणजे तेव्हा महिन्याला साधारण बावीस पानं. रोज एक पान पुरं केलं तरी सुट्टीला जेमतेम आठवडा उरतो. त्याने एका वेळी किती तरी मासिकं अंगावर घेतली. मग स्टुडिओ उभा राहिला, इतरांचे हात लागले आणि पानांवर 'देओदातो स्टुडिओज' अशी नावं छापून यायला लागली. त्या काळातली काही पानं आज पाहवत नाहीत. हे माझं मत. त्याचे चाहते माझ्याशी भांडतील.

डिसेंबर 1996 मध्ये मार्व्हलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या लाटेवर ही सगळी चित्रशैली तरंगत होती, ती ओसरली.

आता 2003 चा त्याचा 'हल्क' काढून बघ. सही झाकलीस तर हाच चित्रकार आहे हे ओळखता येणार नाही. अर्धी चौकट सपाट काळी. दोन माणसं नुसती बोलताहेत, कपाळावर खिडकीच्या पट्ट्यांची सावली. माणसं खऱ्या हाडामांसाची. चाळिशीला टेकलेल्या, नाव कमावलेल्या माणसाने बसलेला हात मोडून पुन्हा बसवला. मला त्याचं 'वंडर वूमन'पेक्षा याचं अप्रूप जास्त आहे. मार्व्हलच्याच 'थंडरबोल्ट्स'मध्ये तर त्याने स्पायडरमॅनच्या शत्रूला, नॉर्मन ऑसबॉर्नला, चक्क हॉलिवूडच्या टॉमी ली जोन्सचा चेहरा दिला. काहींना ते खटकलं. मलाही थोडं खटकतं, ओळखीचा नट दिसला की गोष्टीतून बाहेर फेकल्यासारखं होतं. पण ते डोळ्यांखालचे फुगवटे बघ. तसा थकवा मनाने काढता येत नाही, समोर माणूस लागतो.

2019 मध्ये, जवळपास पंचविसेक वर्षांनी, त्याने मार्व्हल सोडलं आणि दुसरीकडे नव्या गोष्टी काढायला घेतल्या.

तुझ्या पानांकडे परत येतो. नवव्या पानावर आजी स्टोव्हला पिन मारतेय, ती चौकट तुझी आहे. तिचा अंगठा वाकडा आहे आणि तो तू बघून काढलायस. बाकीची अकरा पानं कुणीही काढली असती.

सहावं पान पुन्हा काढ. धूर नको. चपलांसकट पाय हवेत, आणि शाई लावायच्या आधी पेन्सिलीतच पाठव.

तुझा,
काका