डॉक्टर सीएमईला गेलेत म्हणजे नक्की कुठं?

प्रश्न : डॉक्टर साहेब, नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, सहा वर्षं झाली पार्किन्सनला. गावातले फिजिशियनच बघतात, पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टकडे वर्षातून एकदा जातो. मागच्या महिन्यात त्रास वाढला आणि नेमका दवाखाना बंद, दारावर कागद, 'डॉक्टर सीएमईला गेले आहेत, सोमवारी भेटतील'. खरं सांगते, राग आला. पंचवीस वर्षं प्रॅक्टिस झालेल्या माणसाला आता काय शिकायचं राहिलंय? आणि आल्यावर पहिला प्रश्न काय, तर गोळी कशाबरोबर देता! दुधाबरोबर म्हटलं तर म्हणाले बंद करा. मग इतकी वर्षं का नाही सांगितलं? आता सरळ पुण्यालाच न्यावं का?

उत्तर : ताई, राग बरोबर आहे तुमचा, अडीअडचणीला दुसऱ्या डॉक्टरचा नंबर तरी त्या कागदावर हवा होता. पण सीएमई म्हणजे सहल नाही हो. कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन, आमची मोठेपणीची शाळा. महाराष्ट्रात रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. आता सही करून थेट जेवणाच्या लाइनीत उभे राहणारेही असतात, नाही कशाला म्हणू, पॉइंट बसल्याचे मिळतात, शिकल्याचे नाही.

पण पार्किन्सन, डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून अंग पिळवटतं तो आजार), कंप असल्या आजारांचं वेगळं आहे. यात बहुतेक वेळा निदान रिपोर्टवर होत नाही, डोळ्यांनी होतं. १८१७ साली जेम्स पार्किन्सननं हा आजार लिहून ठेवला तो फक्त सहा माणसांवरून, त्यातली काही तर त्याला रस्त्यातच दिसलेली. आजही चांगल्या सीएमईत तेच चालतं, हॉलमध्ये अंधार करतात, पेशंटचा व्हिडिओ लावतात आणि विचारतात, काय दिसलं? हात मांडीवर निवांत असताना थरथरतोय की कपबशी उचलल्यावर? पहिलं असेल तर पार्किन्सनकडे बोट जातं, दुसरं असेल तर बऱ्याचदा साधा इसेन्शियल ट्रेमर असतो, म्हणजे काम करताना हात थरथरण्याचा वेगळा आजार. मग अंगठा आणि तर्जनी पटापट जुळवायला सांगतात, पहिल्या चार-पाच वेळा बोटं छान उघडतात आणि मग उघडणं लहान लहान होत जातं, हे एकदा पडद्यावर बघितलं की विसरत नाही, पुस्तकात दहा वेळा वाचलं तरी डोक्यात राहत नाही. चाळिशीच्या आतला पेशंट असेल तर विल्सनची तपासणी केल्याशिवाय सोडू नका हे तर दर वेळी बजावतात, कारण तांबं साठून होणारा तो आजार वेळेत सापडला तर औषधानं आवरतो.

माझीच गोष्ट सांगतो. एका आजींना मी ॲसिडिटीची कॅप्सूल लिहून दिली, त्यात लेव्होसल्पिराइड होतं. काही महिन्यांत आजी मंदावल्या, चेहरा गप्प झाला, हात थरथरायला लागला, आणि मी काय केलं तर वर पार्किन्सनची गोळी चालू केली! मग एका सीएमईत पार्किन्सनिझम, म्हणजे पार्किन्सनसारखी लक्षणं, आणणाऱ्या औषधांची यादी पडद्यावर आली, लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवर देतात ते प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन, फ्लुनारिझीन, आणि मला खुर्चीत घाम फुटला. तिथूनच आजींच्या मुलाला फोन लावला. कॅप्सूल बंद केल्यावर तीनेक महिन्यांनी आजी परत भाकरी थापायला लागल्या. पंचवीस वर्षांनी काय शिकायचं राहतं म्हणता ना, हे राहतं.

आता दुधाचं. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीतलं मुख्य औषध, आणि दूध-डाळ-पनीरमधली प्रथिनं आतड्यातून एकाच दारानं आत शिरतात, त्यामुळे गोळी मागं राहते. पहिली काही वर्षं हे जाणवत नाही, म्हणून कुणी बोलतही नाही, पुढं गोळीचा असर लवकर उतरायला लागला की दुधाचा एक कपही नडतो. तेव्हा पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा ते एक तास. मळमळलं तर एखादं बिस्किट चालेल.

आणि डॉक्टर बदलू नका, परत येऊन पहिलं हेच विचारणारा माणूस शिकून आलाय. पुण्याची वर्षाची फेरी चालू राहू दे. पुढच्या वेळी वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, ॲसिडिटी-चक्करेचीसुद्धा, पण मनानं कुठलीही गोळी बंद करू नका, पार्किन्सनची तर अजिबात नाही. एका कागदावर गोळीच्या वेळा आणि अंग कधी आखडतं त्या वेळा लिहा. आणि मोबाइलवर एक-एक मिनिटाचे दोन व्हिडिओ काढा, एक गोळी चढलेली असताना, एक उतरलेली असताना, चालताना आणि वळताना. पाय दिसू देत फक्त, बहुतेक जण नुसता चेहराच काढून आणतात.