रिटायर झालो, गुडघे गेले, मंडळीची (चर्चची) कमिटी तरुणांनी घेतली. आता प्रभूची सेवा म्हणून काय करायचं?

प्रभूत सलाम गुरुजी. तुम्ही लिहिलंय की ६७ वय झालं, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालात, मंडळीत बरीच वर्षं खजिनदार होतात, आता पोरांनी कमिटी घेतली अन् तुम्हाला कोणी विचारत नाही, मग घरी बसून प्रार्थनाच करायची का. मी जालन्याची, ७२ पूर्ण, सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यामुळं जे डोळ्यासमोर दिसतं तेच सांगते.

असं विचारलं की पाळकसाहेब हमखास बायबलातल्या लूक २ मधली हन्ना काढतात, ८४ वर्षांची विधवा, मंदिर न सोडता उपास-प्रार्थना करणारी. चांगलंच आहे, पण प्रत्येक म्हातारं माणूस हन्ना नसतं हो, काहींना बसवत नाही. मला गणना ८ चा शेवट जास्त कामाचा वाटतो, त्याच्यावर उपदेश फारसा ऐकायला मिळत नाही. तिथं देवानं लेव्यांना, म्हणजे देवमंडपाच्या सेवेला नेमलेल्या वंशाला, सरळ नियम घालून दिलाय, २५ व्या वर्षी सेवेत यायचं अन् ५० ला जड कामातून मोकळं व्हायचं, त्यानंतर भावांना मदत करायची पण ते काम स्वतः करायचं नाही. म्हणजे हुद्दा सुटणं ही देवाचीच व्यवस्था आहे, कमिटीतल्या पोरांनी केलेला अपमान नाही. (पोरं बोलायला उद्धट असतील तर ती गोष्ट वेगळी, आमच्याकडंही आहेत तशी.) आणि ५० नंतर पण माणूस भावांसोबतच आहे, घरी नाही पाठवलेलं त्याला.

मग मदत म्हणजे काय, तर तरुणांकडं ज्याला वेळ नाही ते. पोरं गिटार वाजवतील, युट्युबवर उपासना लाईव्ह करतील, पण तहसीलमध्ये दोन तास कोण बसणार? श्रावणबाळ योजनेचंच बघा, ६५ च्या पुढच्या गरीब माणसाला महिन्याला १५०० रुपये मिळतात, पैसे आधारला जोडलेल्या खात्यावर येतात, वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो, अन् कितीतरी आज्यांचे पैसे आधारवर नाव वेगळं अन् पासबुकावर वेगळं म्हणून अडकून पडतात. बँकेतलं पोरगं म्हणतं केवायसी करा, आजीला वाटतं पैसे बंद झाले, ती गप घरी येते. तुम्ही आयुष्यभर दाखले, हजेरी, फॉर्म हेच केलंय ना? अर्ज नीट भरून देणारा माणूस गावात मिळत नाही गुरुजी, मिळाला तर तो पैसे मागतो.

दुसरं म्हणजे दवाखाना, अन् हे मी स्वतः करते म्हणून जरा जास्त लिहिते. इकडचा पेशंट संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात जातो, तुमच्या बाजूचा अंबाजोगाईच्या. उपचारापेक्षा माणूस घाबरतो ते केसपेपर कुठं काढायचा, रक्ताचा रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो याला, आणि सोबत आलेला मुलगा रोजंदारीवरचा, त्याचा दिवस बुडतो म्हणून तो दुसऱ्या खेपेला येतच नाही अन् टीबीची गोळी मधेच सुटते. माझ्याच्यानं आता पेशंट उचलणं होत नाही, पण लाईनीत बाकड्यावर बसता येतं, डॉक्टर काय बोलले ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देता येतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, तुम्हाला ६५ नंतर अर्धं, ७५ झाले की फुकट. गुडघे दुखत असतील तर गर्दीची गाडी सोडून द्या.

एक मात्र, हे करताना पिशवीत पत्रकं घेऊन जाऊ नका. माझं स्पष्ट मत आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून धर्माची गोष्ट काढली की त्याला नाही म्हणता येत नाही, तो गैरफायदाच झाला. अन् लोकांनाही शंका येते. त्यानं विचारलं तर सांगा, प्रार्थना करू का म्हणून विचारा, नको म्हणाला तर चहा प्या अन् निघा.

रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, १९१७ ला मिशनचा पगार सोडला तेव्हा ते पंचावन्न-छप्पन्नचे होते अन् पुढं दोनच वर्षं जगले, तरी साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत काढली. पण ते टिळक. आपल्यासारख्यांनी बर्जिल्लय बघावा, २ शमुवेल मधला. दावीद राजा पळून आला तेव्हा यानं गादी, गहू, डाळ, मध, दही सगळं पोचवलं, वय ८०. नंतर राजा म्हणतो चल यरुशलेमेला माझ्यासोबत, तर हा म्हणतो मला आता जेवणाची चव कळत नाही, गाणं ऐकू येत नाही, तुम्हाला ओझं कशाला, त्यापेक्षा या किम्हामाला न्या. झेपेल तेवढं केलं अन् नाही झेपत ते तोंडावर सांगितलं. म्हणून तुम्हीही कोणाला हो म्हणताना बीपी-शुगर बघून म्हणा.

तुमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीला अर्धं गाव जातं अन् काही पोरं आजी-आजोबांकडं मागं राहतात ते मार्च-एप्रिलपर्यंत. ती संध्याकाळी रिकामी हिंडतात, आजीला वाचता येत नाही, गृहपाठ कोण घेणार? तुमच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलात तरी पाच-दहा पोरं येतील, गुडघ्याचा प्रश्नच नाही. फक्त गाड्या भरायच्या आधी आई-बापांना भेटा, नाहीतर मग परवानगी कोणाला विचारणार, गावात म्हातारेच उरतात.